विमा घेताना पहिला प्रश्न कोणता?



विम्याचा एजंट आला की आपण आधी विचारतो, "शेवटी पैसे किती मिळणार?" पण पहिला प्रश्न वेगळा हवा. घरातलं कमावतं माणूस उद्या नसलं, तर घराच्या हाती किती रक्कम येईल?

मुदत विम्यात हप्ता कमी आणि संरक्षण मोठं असतं. मुदत संपेपर्यंत माणूस सुखरूप राहिलं, तर सहसा काही परत मिळत नाही. बचतीच्या पॉलिसीत मुदतीअखेर पैसे मिळतात, पण तेवढ्याच हप्त्यात संरक्षण बरंच कमी. सुरुवातीच्या वर्षांत हप्ते थांबले, तर भरलेले पैसेही पूर्ण मिळत नाहीत. ज्यांचं घर हंगामाच्या पैशावर चालतं, त्यांनी याचा आधी विचार करावा.

प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना मुदत विम्याचीच आहे. बँकेत किंवा पोस्टात बचत खातं असलेल्या १८ ते ५० वयाच्या व्यक्तीला वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचं संरक्षण मिळतं. हप्ता मेअखेर खात्यातून कापला जातो, तेव्हा तेवढी शिल्लक ठेवा.

कंपनीची पॉलिसी घेतलीत, तर कागद कुणाकडून तरी वाचून घ्या. पटली नाही तर हाती आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. थोडा खर्च वजा होऊन हप्ता मिळतो.

आणि बायांनो, शेतात राबणारी, शिवण शिवणारी आपणही कमावत्याच आहोत. विमा फक्त मालकांचाच का? आज घरी दोन गोष्टी विचारा: पॉलिसी कुठं ठेवली आहे आणि नॉमिनी म्हणून नाव कुणाचं आहे?