जुनी विजेची भट्टी : कच्ची की पक्की?

बीडच्या दक्षिणेस, धाराशिव जिल्ह्यात, तेर नावाचे गाव आहे. गोरोबाकाकांचे हे गाव. हाती थापटणे घेऊन काकांनी संतमंडळींची डोकी ठोकून पाहिली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरविले, ही आख्यायिका महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते. ठोकून पाहिल्यावाचून मडके पक्के मानावयाचे नाही, हा कुंभाराचा धर्मच होय. मग ज्या भट्टीत मडके भाजावयाचे ती भट्टीच दुसऱ्याच्या हाताखालून आलेली असेल, तर तिचीही अशी परीक्षा व्हावयास नको काय?

बीड जिल्ह्यात आवा रचावयाचा म्हणजे गोवऱ्या, पऱ्हाट्या आणि मिळेल ते सरपण गोळा करावयाचे. झाडी विरळ, पाऊस लहरी, आणि शेजाऱ्यांना धुराचा त्रास. परळी-वैजनाथ येथे १९७१ साली औष्णिक वीजकेंद्र सुरू झाले. पुढे वीज खेडोपाडी पोहोचली. तेव्हा एखाद्या कुंभाराने वा हस्तकला शिकविणाऱ्या शाळेने विजेची भट्टी घ्यावी असे मनात आणणे साहजिक आहे. नवी भट्टी महाग, म्हणून शहरातील एखाद्याने काढून टाकलेली जुनी भट्टी घेतली जाते. ती साधली तर घर सावरते. फसली तर साठविलेली पुंजी आणि महिन्याची मेहनत एका रात्रीत जाते.

भट्टी दारी आली की प्रथम तिच्या अंगावरील पत्रा वाचावा. त्यावर व्होल्ट व किलोवॅट लिहिलेले असतात. ६ किलोवॅटची भट्टी २३० व्होल्टवर सुमारे २६ अँपिअर प्रवाह ओढते. घरातील १६ अँपिअरच्या प्लगाचे हे काम नव्हे. मीटरपासून स्वतंत्र जाड तांब्याची तार, स्वतंत्र स्विच आणि खात्रीचे अर्थिंग परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे, आणि मंजूर भारही वाढवून घ्यावा. भट्टी न जळणाऱ्या जमिनीवर, भिंतीपासून दीड फूट दूर, वारा खेळेल अशा जागी ठेवावी. फार जुन्या भट्टीच्या अस्तरात अॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. तसा संशय आल्यास अस्तर खरवडू नये, जाणत्यास दाखवावे.

आतील तारेची वेटोळी हा भट्टीचा प्राण. ही तार बहुधा लोखंड, क्रोमियम व अॅल्युमिनियम यांच्या मिश्रधातूची असते; स्वीडनमधील हान्स फॉन कांट्सो यांच्या संशोधनातून १९३१ च्या सुमारास ती ‘कांथल’ या नावाने पुढे आली. एकदा तापलेली ही तार थंडपणी काचेसारखी ठिसूळ असते. खाचेबाहेर लोंबलेले वेटोळे बोटाने दाबले की तुटलेच. नवे वेटोळे बसविल्यास पहिली आच रिकाम्या भट्टीला द्यावी, म्हणजे तारेवर संरक्षक पापुद्रा धरतो. काळी मडकी करण्यासाठी आव्यात धूर कोंडतात, तसा या भट्टीत कधीही कोंडू नये. त्याने तो पापुद्रा नासतो आणि तारेचे आयुष्य सरते.

आता नेहमीची तक्रार : भट्टी तापते, परंतु पुरती तापत नाही. अशा वेळी विकणाऱ्यास दोष दिला जातो, वेटोळी बदलली जातात, आणि पैसे खर्चून भट्टी होती तशीच राहते. याचे कारण पुष्कळदा भट्टीत नसून तारेतून येणाऱ्या विजेत असते. उष्णता व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० चे २०० व्होल्ट झाले, तर ६ किलोवॅटची भट्टी साडेचार किलोवॅटचीच उरते. १८० झाले, तर पावणेचारही पुरते राहत नाहीत. संध्याकाळी गावभर दिवे आणि पंखे चालू असता दाब उतरतो; तीच भट्टी मध्यरात्रीनंतर नीट तापते.

म्हणून दोष शोधावयाचा तो बाहेरून आत. भट्टी चालू असता वायरमनने तिच्या टोकांशी व्होल्ट मोजावेत. बंद भट्टीवरील मोजणी फसवी असते. मीटरपाशी दाब पुरेसा आणि भट्टीपाशी कमी असेल, तर मधली तार बारीक आहे किंवा एखादा सांधा सैल आहे. सैल सांधा तापून काळवंडतो. आगीचे मूळ बहुधा तेथेच असते. मीटरपाशीच दाब कमी असेल, तर तक्रार वीजमंडळीकडे करावयाची. दाब योग्य असून प्रवाह कमी असेल, तेव्हा वेटोळी झिजली वा त्यांतील एखादे तुटले असे समजावे. प्रवाहही योग्य असेल, तर झाकणाची फट, विटांच्या भेगा आणि शेवटी उष्णतामापक तपासावा. त्याच्या दोन तारा उलट जोडल्या गेल्यास भट्टी तापत असता आकडा खाली जातो!

एकट्या आकड्यावर विसंबूही नये. बर्लिनचे हेरमान सेगर यांनी १८८६ साली मातीचे शंकू सिद्ध केले; ठरावीक आच झाली की ते वाकतात. अमेरिकेत एडवर्ड ऑर्टन यांनी १८९६ पासून असेच शंकू केले. मात्र ऑर्टनच्या ०६ क्रमांकाचा शंकू हजार अंशांच्या आसपास वाकतो, आणि ६ क्रमांकाचा बाराशेंच्याही वर. त्या एका शून्याच्या चुकीने लाल मातीची भांडी वितळून फळ्यांना चिकटतात.

काही दोष तर मातीचेच असतात. बीडकडील काळ्या मातीत चुनखडीचे बारीक खडे सापडतात. मंद आचेच्या आव्यात ते बहुधा निमूट राहतात. विजेच्या भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो, आणि चार दिवसांनी हवेतील ओलीने तो फुगून मडक्याची टवके उडवतो. माती बारीक चाळणीतून गाळणे हाच यावर उपाय. मातीत लीद मिसळली असेल, तर ती जळून जाईपर्यंत वरचे छिद्र उघडे आणि आच धीमी ठेवावी. ओले भांडे घाईने तापविले की फुटते. ५७३ अंशांशी वाळूचे कण एकाएकी फुगतात, तेथेही घाई नको.

भट्टीपाशी शेवटपर्यंत कोणीतरी जागे असावे. आपोआप बंद होणारे यंत्र जुने झाले की चिकटून बसते, आणि मग भट्टी थांबतच नाही. आव्याशी रात्र जागविणाऱ्या कुंभाराला हे जागरण नवे नाही. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर येथे खादी व ग्रामोद्योग आयोगाची ग्रामीण कुंभारकाम शिकविणारी संस्था आहे. अशा ठिकाणी हात बसवून घेतला, तर पुढील नुकसान टळते.

आव्याचे गुणदोष कुंभाराने पिढ्यान्‌पिढ्या धुराचा रंग पाहून ओळखले. विजेला धूर नाही, म्हणून तेथे मोजणीचे थापटणे लागते. आधी येणारी वीज, मग सांधे, मग वेटोळी, मग आकडा आणि शेवटी माती या क्रमाने ते फिरविले, तर नव्या वेटोळ्यांचा निष्कारण खर्च वाचतो आणि जुनी भट्टीही पुष्कळ वर्षे घराला आधार देते.