उत्तराचा ताळा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते उत्तर बरोबर आले तरी ताळा मागत. त्या ताळ्याची किंमत मला पुढे माझ्या व्यवसायात कळली.

प्रोग्रॅममधील चूक शोधण्यासाठी आम्ही डीबगर वापरतो. तो चालता प्रोग्रॅम थांबवून स्मृतीत काय साठले आहे ते दाखवितो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिलेला जीडीबी हा त्यांतील सुपरिचित. पूर्वी त्याला सी प्लस प्लसमधील नावांची सूची विचारली, तर तो आतील जोडण्या आणि पत्तेच दाखवी. नावे हाती लागत नसत. २००९ च्या ७.० आवृत्तीत त्याच्यात पायथन भाषा बसविण्यात आली. तेव्हापासून थोड्या ओळी लिहून 'ही रचना अशी वाच' असे त्याला शिकविता येते.

मीही आमच्या प्रोग्रॅममधील एका रांगेसाठी तशा ओळी लिहिल्या. रांग स्वच्छ दिसू लागली आणि मी दोन दिवस भलतीकडेच चूक शोधीत राहिलो. अखेर रांगेचे मूळ रूप मागितले. नोंदलेली संख्या ३ होती. आरंभ आणि शेवट यांच्या खुणा मात्र ५ घटक सांगत होत्या. संख्याच बिघडलेली होती, आणि माझ्या ओळी तिच्यावरच विसंबून तीन घटक दाखवीत होत्या.

साधनाला आपण आपली समजूत शिकवितो. तिच्यातील चूकही ते निमूटपणे शिकते. म्हणून मूळ रूपाशी ताळा करणे मी आता सोडीत नाही. ही सवय या शाळेची देणगी आहे.