अकरावीत सुटलेला विषय
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



दहावीच्या निकालानंतर आपल्या वाटा कशा फुटल्या, ते सगळ्यांना आठवत असेल. एसटीचा पास काढून तालुक्याला जाण्याची ज्यांना परवानगी मिळाली, ते विज्ञानाला गेले. ज्या मुलींना ती मिळाली नाही, त्यांनी गावाजवळ असलेली कला शाखा घेतली. विज्ञानातही पुन्हा ‘ए ग्रुप’ आणि ‘बी ग्रुप’. ए म्हणजे गणित, बी म्हणजे जीवशास्त्र. सोळाव्या वर्षी पडलेला तो शिक्का पुढे पुसता येत नसे.

मी सांगलीत कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. काही महिन्यांपूर्वी सातारा जिल्ह्यातली एक मुलगी माझ्याकडे आली. सांगलीत वसतिगृहात राहून बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, भौतिकशास्त्र घेऊन. बारावी ए ग्रुपमधून झालेली. आता तिला वैद्यकीय शिक्षणाकडे वळायचे होते. “बाई, पदवी न सोडता जीवशास्त्र करता येईल का?” एवढाच तिचा प्रश्न.

आपल्या वेळी उत्तर सरळ ‘नाही’ असे होते. १९९७ च्या नियमांनुसार एमबीबीएससाठी अकरावी-बारावीची दोन्ही वर्षे हे विषय नियमित शिकलेले असणे आवश्यक होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ही अट सैल केली. बारावीनंतर मान्यताप्राप्त मंडळाकडून जीवशास्त्र हा जादा विषय म्हणून उत्तीर्ण झालेल्यांनाही ‘नीट’ देता येऊ लागली. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, बारावीचा असा एखादाच विषयही घेऊ देते.

तिने तो घेतला. दिवसा कॉलेज, रात्री पेशी आणि आनुवंशिकता. पुस्तक तिचे तिने वाचले. माझी गरज फारशी लागली नाही. अडले ते प्रात्यक्षिकाला. दहावीनंतर तिने सूक्ष्मदर्शकाला हातच लावला नव्हता. वसतिगृहाच्या खिडकीत पेल्यावर कांदा ठेवून तिने मुळे वाढवली. मुळाचे टोक रंगवायचे, काचपट्टीवर ठेवायचे, वरून अंगठ्याने दाबायचे आणि विभागणाऱ्या पेशी शोधायच्या. पहिल्या चार पट्ट्यांत काही दिसले नाही. पाचव्या पट्टीत रंगसूत्रे दिसली, तेव्हा तिने मला जवळजवळ ओढतच नेले. ती पास झाली आहे आणि आता नीटची तयारी करते आहे. पुढचे पुढे. पण दार उघडले, हे खरे.

आपल्या मुला-भाच्यांसाठी दोन गोष्टी सांगते. पहिली, प्रत्येक अभ्यासक्रमाची अट वेगळी असते. फी भरण्याआधी ज्या अभ्यासक्रमाला जायचे आहे त्याचे त्या वर्षीचे माहितीपत्रक वाचा. ऐकीव माहितीवर जाऊ नका. दुसरी, कधीकधी सुटलेला विषय न घेताही वाट असते. बी.एस्सी. नर्सिंगला जीवशास्त्र लागते, पण जीएनएमला कला शाखेची मुलगीही जाऊ शकते, आणि त्यानंतर पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग करता येते.

एका वेळी दोन गोष्टी करणे आपल्या साताऱ्याला नवे नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि ‘कमवा आणि शिका’ म्हणत मुलांना अंगमेहनत करून शिकवले. आजची मुले कॉलेज, नोकरी आणि जादा विषय एकदम पेलतात. त्यांना कमी पडते ती प्रयोगशाळा.

म्हणून मुख्याध्यापकांना आणि तुम्हा सर्वांना माझी एक विनंती आहे. या स्नेहमेळाव्याचा जो निधी उरेल, त्यातून चार चांगले सूक्ष्मदर्शक घेऊ. शाळेची प्रयोगशाळा महिन्यातले दोन रविवार अशा मुलांसाठी उघडी ठेवू, मग ती आपल्या शाळेची असोत वा नसोत. शिकवायला मी सांगलीहून येईन. आपल्यापैकी जे रसायन, भौतिक शिकवतात, त्यांनी आपापले रविवार आजच मला सांगावेत.

सरांनी आणि बाईंनी आपल्याला कधी ‘आता उशीर झाला’ असे म्हटले नाही. आपणही कुणाला ते म्हणू नये.