कोलाज करा, पण मूळ फोटो जपा

(हुतात्मा दिनाच्या आधी आमच्या गावच्या वाचनालयात तरुण मंडळींसमोर केलेलं भाषण. बोलले तसंच लिहून काढलंय.)



मी राज्यशास्त्राची विद्यार्थिनी. मला सांगितलं होतं की सीमाप्रश्नावर बोल. पण १७ जानेवारी १९५६ ला बेळगावात काय झालं, त्याच वर्षी १ नोव्हेंबरला आपण कुठल्या राज्यात ढकलले गेलो, हे इथल्या पोराटोरांनाही पाठ आहे. म्हणून आज मी मोबाईलवर बोलणार आहे. हसू नका. काळा दिवस असो, हुतात्मा दिन असो, आदल्या रात्री आपण सगळे काय करतो? फुकटचं ॲप उघडतो, चार फोटो एकत्र लावतो, खाली 'विनम्र अभिवादन' लिहितो आणि ग्रुपवर टाकतो. मीही करते. गेल्या वर्षी ते करताना माझ्या दोन चुका झाल्या, त्याच सांगते.

पहिली चूक घरातली. आमचे आजोबा १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात होते. त्या काळातला त्यांचा एकच फोटो घरी आहे, पिवळा पडलेला, कोपरा दुमडलेला. मी तो मोबाईलवर काढला आणि एका ॲपमध्ये 'फोटो सुधारा' असं बटण होतं ते दाबलं. चेहरा एकदम चकचकीत झाला. कोलाज करून आज्जीला दाखवला. तिनं चष्मा लावून बघितलं आणि विचारलं, "हा कोण गं?"

आजोबांच्या कपाळावर एक खोक होती. ॲपनं ती डाग समजून पुसली. डोळेही थोडे बदलले होते. अशी बटणं जुना चेहरा साफ करत नाहीत. जिथं दिसत नाही तिथं अंदाजानं नवा चेहरा भरतात. आज्जीनं ते ओळखलं. पण उद्या आज्जी नसेल आणि फक्त माझा कोलाज उरला, तर आमच्या घरातली पुढची पिढी भलत्याच माणसाला हार घालेल.

दुसरी चूक चारचौघांतली. फाट्यावरची मराठी पाटी गेली आणि तिथं दुसरी आली, हे दाखवायला मी 'आधी' आणि 'आता' असा जोडफोटो केला. 'आधी'चा फोटो ग्रुपवरून उचललेला. दुसऱ्या दिवशी एकानं खाली लिहिलं, "हे दोन फाटे वेगळे आहेत." आणि तो खरं बोलत होता! पाटी खरंच गेली होती, आपलं म्हणणं खरं होतं, पण माझा फोटो खोटा ठरला. मग लोक म्हणाले, यांचं सगळंच असलं. मी पोस्ट काढली, माफी मागितली. पण ते म्हणणं पुन्हा कुणी ऐकून घेतलं नाही.

आता म्हणाल, एका पाटीनं काय होतंय? राज्यघटनेत १९५६ च्या सातव्या दुरुस्तीनं कलम ३५०अ आणि ३५०ब आली. पहिलं मातृभाषेतल्या प्राथमिक शिक्षणाबद्दल, दुसरं भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या विशेष अधिकाऱ्याबद्दल. एखाद्या भागात अल्पसंख्याक भाषा बोलणारे १५ टक्के किंवा जास्त असतील तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही द्याव्यात, हे मान्य झालेलं संरक्षण आहे. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल, पण हे हक्क आज, इथं, आपले आहेत. ते मागायला निवेदन लागतं, आणि निवेदनाला फोटो लागतो.

मग फोटो कसा ठेवायचा? हे नीट ऐका.

कॅमेऱ्यानं काढलेल्या फोटोच्या फाईलमध्ये तारीख, वेळ, मोबाईलचं मॉडेल आणि लोकेशन चालू असेल तर जागाही नोंदलेली असते. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो लहान होतो आणि ही माहिती निघून जाते. म्हणून एकमेकांना पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. कोलाज तर नवीच फाईल असते. तिच्यावर कोलाज केल्याची तारीख येते, आतल्या फोटोंची नाही. म्हणून कोलाज लोकांना दाखवायला आणि मूळ फाईल पुराव्याला. मूळ फाईल डिलीट करायची नाही, तिच्यावर काही करायचं नाही, आणखी एका ठिकाणी कॉपी ठेवायची.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याचा कायदाही आता नवा आहे. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३, जो १ जुलै २०२४ पासून लागू झाला. त्याच्या कलम ६३ प्रमाणे अशा नोंदीबरोबर प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात फाईलची 'हॅश व्हॅल्यू' म्हणजे तिचा एक प्रकारचा अंगठा असतो. फाईलमध्ये बारीक बदल केला तरी तो अंगठा बदलतो. फिल्टर मारलेली फाईल घेऊन गेलात तर समोरचा वकील पहिला प्रश्न तोच विचारेल.

एडिटिंग करूच नका असं मी म्हणत नाही. मी स्नॅपसीड वापरते. गूगलचं आहे, फुकट आहे, वॉटरमार्क येत नाही. त्यात उजेड वाढवा, तिरकी पाटी 'पर्स्पेक्टिव्ह'नं सरळ करा, कडा कापा. पण 'हीलिंग' या हत्याराला पाटीच्या फोटोत हात लावू नका. ते नको असलेली वस्तू पुसतं. आज वायर पुसाल, उद्या कुणी म्हणेल अक्षरं पण पुसली असतील. आणि शेवटी 'एक्स्पोर्ट' करून वेगळी कॉपी काढा.

'आधी-आता' करायचं असेल तर त्याच जागी उभं राहा, त्याच बाजूनं काढा, आणि न हलणारी एक तरी वस्तू दोन्हीत येऊ द्या: विजेचा खांब, देवळाचा कळस, वडाचं झाड. प्रत्येक फोटोखाली गाव आणि तारीख लिहा. स्वतः काढलेला नसेल तर कुणी काढला ते विचारा. उत्तर मिळालं नाही तर वापरू नका.

मोर्चाचे फोटो टाकताना चेहरे बघा. गुन्हे कुणावर पडतात ते आपल्याला माहीत आहे. लहान मुलं, नोकरीवाले, ज्यांना विचारलं नाही असे सगळे चेहरे झाका. नुसतं धूसर करू नका, वर पक्का रंग मारा.

आणि अक्षरं! बऱ्याच फुकट ॲपमधल्या नक्षीदार फॉन्टमध्ये देवनागरी नसते. मग वेलांटी भलतीकडे जाते, जोडाक्षर फुटतं, 'हुतात्मा'तला अर्धा 'त' पाय मोडून उभा राहतो. भाषेसाठी जीव दिलेल्यांना मोडक्या अक्षरात अभिवादन करायचं? मुक्त, बालू हे फॉन्ट फुकट आहेत, त्यात मराठी नीट उमटते. टाकायच्या आधी घरातल्या कुणा मोठ्या माणसाला एकदा वाचायला द्या.

शेवटी एक काम सांगते. येत्या रविवारी आपल्या गावातली प्रत्येक पाटी, शाळा, पंचायत, बसथांबा, दवाखाना, जशी आहे तशी फोटोत घ्यायची. मराठी आहे तिथंही घ्यायची, कारण 'आधी'चा फोटो पाटी असतानाच काढावा लागतो. गेल्यावर तो मिळत नाही.

आजोबांचा फोटो मी परत काढला. खिडकीजवळच्या उजेडात, फिल्टर न लावता. दुमडलेला कोपरा तसाच आहे, खोकही तशीच. १७ तारखेला तोच लावणार आहे.

जय महाराष्ट्र!