पाळीव पिल्लू आणि घरांतील दुर्गंधी
साताऱ्यास आषाढांत खिडक्या उघडतां येत नाहींत, सांगलीस वैशाखांत उघडवत नाहींत; अशा बंद बिऱ्हाडांत पिल्लाच्या मुतलेल्या पॅडचा दर्प श्रोत्यांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. ताज्या मूत्रास वास थोडाच असतो. त्यांतील युरियापासून जंतू अमोनिया बनवितात, तेव्हां नाक झोंबतें. म्हणून ओलें पॅड रात्रभर ठेवूं नये. आंत घडी घालून, कागदांत गुंडाळून झांकणाच्या डब्यांत टाकावें. वर सोडा भुरभुरविण्याची चाल आहे, पण अमोनिया स्वतःच अल्कधर्मी, त्यामुळें उपयोग बेताचाच. फरशीस व्हिनेगर मिसळलेलें पाणी बरें. मात्र शहाबादी फरशी आम्लानें खराब होते, तेथें साबणच. ब्लीचिंग पावडर कदापि नको. मूत्राशीं वा व्हिनेगरशीं संयोग होऊन विषारी वायू निघतो, आणि पिल्लाचें नाक तर जमिनीलाच लागलेलें!