धावपट्टी आणि घाट

दूधवाल्यापासून कचेरीतल्या कारकुनापर्यंत सर्वांच्या चाकरीत असलेली सायकल ही शर्यतीचेही वाहन आहे, याचे आपल्याला क्वचितच स्मरण होते. परंतु १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताचा सायकल-संघ उतरला, तेव्हा त्यात रोहिंटन नोबल, होमी पावरी, रुसी मुल्ला फिरोज अशी पारशी नावे होती. धावपट्टीच्या शर्यती हर्न हिलच्या उघड्या सिमेंटच्या वर्तुळावर झाल्या आणि रस्त्यावरची सुमारे १९४ किलोमीटरांची शर्यत विंडसरच्या उद्यानात.

धावपट्टी आणि रस्ता यांची शास्त्रे भिन्न आहेत. धावपट्टीच्या सायकलीला ब्रेक नसतो, मागचे चाक पायट्यांशी असे जखडलेले असते की चाक फिरते तोवर पायांना उसंत नाही, आणि सुटण्यापूर्वी मागून कोणीतरी बैठक धरून ठेवावी लागते. रस्त्यावर मात्र गिअर, ब्रेक, वारा, चढ आणि तासन्‌तास पुरवायचा दम यांचा हिशेब एकट्याने ठेवावा लागतो. दोन्हींत प्रावीण्य मिळवणे हे, माझ्या मते, असामान्य शरीरसंयमाचे काम आहे.

पुढे १९५१ मध्ये दिल्लीच्या पहिल्या आशियाई खेळांत सांघिक पाठलाग शर्यतीत भारताने रौप्यपदक पटकावले, त्या संघात नोबल होते.

महाराष्ट्रात या दोन्ही वाटा आजही खुल्या आहेत: १९९४ च्या राष्ट्रीय खेळांसाठी उभारलेल्या बालेवाडीच्या क्रीडानगरीत सायकलींची धावपट्टी आहे, आणि मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांआधी चढणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ म्हणतात. पुढची शर्यत निघेल तेव्हा खंडाळ्याच्या वळणावर अवश्य उभे राहा.