भूखंड घेण्यापूर्वी
(वार्षिक संमेलनातील भाषण)



१९९९ साली गोंदिया जिल्हा झाला, २०२२ साली बिरसीहून प्रवासी विमान उडाले. शहराभोवती धानाच्या बांध्यांचे भूखंड पडू लागले. पाहुण्यांना आपण हाजरा फॉल व नवेगावबांधचा जलाशय अभिमानाने दाखवितो. परंतु तो जलाशय निसर्गदत्त नव्हे. कोलू पाटील कोहळी यांनी बांध घालून तो निर्माण केला. त्यांनी पाणी अडवून गावे वसविली. आपण बोड्या बुजवून घरे बांधली, तर पावसाचे पाणी आपल्याच ओसरीवर येईल. म्हणून आम्ही विनवितो : भूखंड घेताना सातबारा तपासाच; परंतु एकदा भर पावसाळ्यात ती जागाही पाहून या. कागद दडवील ते पाणी सांगेल.